टेनिसपटू व्हायचंय? पहिल्या रॅकेटपासून पहिल्या जागतिक रँकिंगपर्यंतचा रस्ता

दर रविवारी कुठल्या ना कुठल्या कोर्टाच्या जाळीबाहेर कुणीतरी आई किंवा बाबा विचारतात, "आमची मुलगी छान खेळते. सर म्हणतात हात चांगला आहे. आता पुढे काय?" त्या प्रश्नासाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. व्यावसायिक टेनिसची खरी कसोटी १८ ते २४ या वयात लागते. आपल्याकडची बहुतेक कुटुंबं मात्र पैसा, उत्साह आणि मुलांचे खांदे १२ ते १६ या वयातच संपवून टाकतात. म्हणून खालची प्रत्येक पायरी वाचताना स्वतःला विचारा, आज जे खर्च करतोय त्यातून अठराव्या वर्षानंतरसाठी काय उरतंय?

आधी अख्खी शिडी बघून घ्या

क्रिकेटमध्ये निवड समिती असते. टेनिसमध्ये तुम्हाला कुणी निवडत नाही. डेव्हिस कप, बिली जीन किंग कप किंवा एशियाडचा संघ सोडला तर सगळा हिशोब गुणांचा. स्पर्धा खेळा, फेऱ्या जिंका, गुण मिळवा. त्या गुणांवर पुढच्या, वरच्या दर्जाच्या स्पर्धेत प्रवेश मिळतो. मिळालेले गुण ५२ आठवड्यांनी गळतात आणि ते टिकवण्यासाठी परत तितकंच खेळावं लागतं.

भारतात तळाला जिल्हा आणि राज्य संघटनेच्या स्पर्धा असतात. महाराष्ट्रात ती संघटना म्हणजे महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटना. त्यावर अखिल भारतीय टेनिस संघटना, म्हणजे एआयटीए, आणि तिच्या १२, १४, १६ आणि १८ वर्षांखालील गटांच्या स्पर्धा. त्याच्या वर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आयटीएफच्या ज्युनिअर स्पर्धा. इथवर सगळं वयोगटातलं. व्यावसायिक टेनिसची पहिली पायरी त्यानंतर येते: मुलांसाठी एम१५ आणि एम२५, मुलींसाठी डब्ल्यू१५, डब्ल्यू३५ आणि तिथून वर डब्ल्यू१०० पर्यंत. मग पुरुषांच्या चॅलेंजर स्पर्धा, महिलांच्या व्यावसायिक संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूटीएच्या १२५ दर्जाच्या स्पर्धा, त्यापुढे एटीपी (पुरुषांची तशीच संघटना) आणि डब्ल्यूटीएच्या २५०, ५००, १००० आणि शेवटी चार ग्रँडस्लॅम.

ग्रँडस्लॅमच्या एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या सामन्यांच्या यादीत, १२८ जागा असतात. त्यातल्या १०४ रँकिंगवर, १६ पात्रता फेरीतून आणि ८ वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या थेट प्रवेशावर, भरतात. म्हणजे जगातल्या पहिल्या शंभरात असाल तर थेट प्रवेश, साधारण २३०-२५० पर्यंत असाल तर निदान पात्रता फेरी. २०२५ च्या यूएस ओपनमध्ये पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही १ लाख १० हजार डॉलर मिळाले. एम१५ स्पर्धेच्या मुख्य ड्रॉमध्ये पहिल्या फेरीत हरलात तर १५६ डॉलर मिळतात. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात टेनिसपटूचं अख्खं अर्थकारण येतं, आणि त्या मधल्या पट्ट्यात चार-पाच वर्षं तग धरायची तयारी लागते.

पायरी १: वय ६ ते १०

या वयात तीनच गोष्टी नीट करायच्या: योग्य बॉल, योग्य रॅकेट, योग्य कोच.

लाल बॉल नेहमीच्या पिवळ्या बॉलपेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असतो आणि तो ३६ फुटी छोट्या कोर्टवर खेळतात. नारिंगी ५० टक्के संथ, ६० फुटी कोर्टवर. हिरवा २५ टक्के संथ, पूर्ण कोर्टवर. दहा वर्षांखालच्या स्पर्धांत पिवळा बॉल वापरायचा नाही, असा आयटीएफचा नियम २०१२ पासून आहे. तरीही सात वर्षांच्या पोराला पिवळ्या बॉलवर खेळवून "आमचा मोठ्यांसारखा खेळतो" असं सांगणारे कोच आणि पालक आजही भेटतात. असा बॉल पोराच्या डोक्यावरून उसळतो. मग ते मागे जाऊन, मनगट वळवून, कसाबसा परतवायला शिकतं. पुढे ती ग्रिप आणि तो स्विंग बदलताना दोन वर्षं जातात. लाल-नारिंगी बॉलवर खेळवणं कमीपणाचं वाटत असेल, तर ते वाटणं आधी सोडा.

रॅकेट उंचीप्रमाणे घ्यायची: साधारण २१, २३, २५, २६ इंच असं चढत जायचं आणि बाराच्या आसपास पूर्ण २७ इंची. "पुढे उपयोगी पडेल" म्हणून एक माप मोठी घेऊ नका. गटिंगही, म्हणजे रॅकेटच्या जाळीची तार (गट) आणि तिचा ताणही बघा. दुकानदार बऱ्याचदा पॉलिएस्टर गट सुचवतो, कारण मोठे खेळाडू तीच वापरतात. ती कडक असते. लहान हाताच्या कोपराला आणि मनगटाला तिचे हादरे बसतात. तेरा-चौदापर्यंत साधी सिंथेटिक किंवा मल्टिफिलामेंट गट पुरते. पॉलिएस्टरचा आणखी एक घोळ असा की ती तुटत नाही, पण तिचा ताण केव्हाच उतरलेला असतो. "अजून तुटली नाही" म्हणून महिनोन् महिने तीच ठेवली की बॉल लांब जायला लागतो आणि मूल स्विंग आखडतं. गटिंग कधी केली, किती पाउंडाला केली, हे रॅकेटच्या गळ्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवायची सवय पहिल्यापासून लावा.

कोच निवडताना अकादमीच्या भिंतीवरचे फोटो बघू नका. एक अख्खं सेशन बाहेर बसून बघा. एका कोर्टवर किती मुलं आहेत? मूल तासाभरात खरोखर किती बॉल मारतंय आणि किती वेळ रांगेत उभं आहे? कोच फक्त बास्केटमधून बॉल फीड करतो, की मुलांना आपापसात पॉइंट खेळायला लावतो? सर्व्हिस दर वेळी शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जाते का? या चार प्रश्नांतून अकादमी कळते. आठवड्याला तीन-चार दिवस टेनिस आणि बाकीचे दिवस पळणं, पोहणं, खो-खो, फुटबॉल, काहीही चालेल. या वयात फक्त टेनिस खेळणाऱ्या मुलापेक्षा चार खेळ खेळलेलं मूल पुढे कोर्टवर जास्त चपळ असतं.

पायरी २: पहिली स्पर्धा

तंत्र पक्कं होईपर्यंत स्पर्धा नको, असं म्हणत थांबू नका. मूल सर्व्हिस आत टाकू शकतं आणि गुण मोजू शकतं, एवढ्यावर जिल्हा पातळीची स्पर्धा खेळवा. पण जाण्याआधी एक गोष्ट घरी शिकवा, कारण ती कोर्टवर कुणी शिकवत नाही.

ज्युनिअर स्पर्धांत बहुतेक सामन्यांना चेअर अंपायर नसतो. आपल्या बाजूच्या रेषांचा कॉल मूल स्वतः देतं. नियम असा: बॉल बाहेर गेल्याची पक्की खात्री असेल तरच "आउट", शंका असेल तर बॉल आत. कॉल लगेच आणि मोठ्याने द्यायचा, हात वर करून. सर्व्हिस करण्याआधी प्रत्येक वेळी स्कोअर मोठ्याने सांगायचा. समोरचा चुकीचे कॉल देतोय असं वाटलं तर भांडायचं नाही, खेळ थांबवून रेफ्रीला किंवा कोर्टाकोर्टांवर फिरणाऱ्या रोव्हिंग अंपायरला बोलवायचं. आणि जाळीबाहेरच्या पालकांनी कॉल द्यायचे नाहीत, इशारे करायचे नाहीत, गुण मोजून सांगायचे नाहीत. स्वतःच्या मुलाच्या सामन्यात "आउट! आउट!" ओरडणाऱ्या पालकाचं मूल अठराव्या वर्षी ट्युनिशियातल्या स्पर्धेत एकटं पडल्यावर काय करेल, याचा विचार करा.

पहिली दोन वर्षं जिंकणं-हरणं लिहून ठेवू नका. सामन्यानंतर घरी जाताना गाडीत सामन्याबद्दल बोलू नका. त्याला भूक लागलेली असते. आधी खायला द्या.

पायरी ३: एआयटीएची नोंदणी आणि राष्ट्रीय रँकिंग

दहा-अकराव्या वर्षी एआयटीएकडे ऑनलाइन नोंदणी करायची. जन्मदाखला, ओळखपत्र, फोटो आणि फी भरली की खेळाडूला क्रमांक मिळतो. राज्य संघटनेकडेही नोंदणी लागते. जन्मदाखल्याबाबत एआयटीए काटेकोर आहे; दाखला उशिरा नोंदवलेला असेल तर काय लागतं, ते आधीच विचारून घ्या. जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट यांवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं असू द्या. एका कागदावर वडिलांचं नाव मध्ये आणि दुसऱ्यावर गायब, एवढ्या कारणावरून पुढे व्हिसाच्या वेळी धावपळ होते.

स्पर्धांचे दर्जे आहेत: टॅलेंट सीरिज, चॅम्पियनशिप सीरिज, सुपर सीरिज, नॅशनल सीरिज. खालच्या दर्जाच्या स्पर्धा जवळपास दर आठवड्याला कुठे ना कुठे असतात आणि इथेच कुटुंबं अडकतात. पुणे, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, मग हैदराबाद, अहमदाबाद, गुण गोळा करत फिरायचं. १२ वर्षांखालील गटात देशात पाचवा आला, की घरी पेढे. त्या रँकिंगचं व्यावसायिक टेनिसमध्ये काहीच मोल नाही, आणि त्यासाठी सरावाचे जे आठवडे गेले ते परत येत नाहीत.

माझं मत असं: १४ वर्षांपर्यंत महिन्यातून एक, फार तर दोन स्पर्धा. त्याही अशा निवडा, की मूल साधारण दोन सामने जिंकेल तेव्हा एक हरेल. सतत जिंकत असेल तर वरच्या वयोगटात किंवा वरच्या दर्जात घाला. सतत पहिल्या फेरीत हरत असेल तर एक पायरी खाली आणा. उरलेले आठवडे सरावाचे. सर्व्हिस सुधारायला सलग सहा-आठ आठवडे लागतात आणि दर शनिवारी सामना असेल तर मूल जुन्याच सर्व्हिसवर परत येतं.

पायरी ४: आयटीएफ ज्युनिअर

१३ वर्षं पूर्ण झाली की आयटीएफ ज्युनिअर खेळता येतं. त्यासाठी आयपिन नावाचा आंतरराष्ट्रीय खेळाडू क्रमांक काढायचा. स्पर्धांचे दर्जे जे३०, जे६०, जे१००, जे२००, जे३००, जे५०० आणि त्यावर ज्युनिअर ग्रँडस्लॅम. जिंकणाऱ्याला नावातल्या आकड्याइतके गुण मिळतात, ज्युनिअर स्लॅमला १०००. रँकिंगमध्ये एकेरीतल्या सर्वोत्तम सहा स्पर्धांचे गुण आणि दुहेरीतल्या सर्वोत्तम सहांच्या गुणांचा चौथा हिस्सा धरतात. वयानुसार वर्षात किती स्पर्धा खेळता येतील यावर मर्यादा आहे. ती मुलांच्या भल्यासाठीच आहे, पळवाट शोधू नका.

भारतात जे३० पासून वरच्या स्पर्धा होतात, पुण्यातही झाल्या आहेत. आधी घरच्या स्पर्धा खेळा. परदेशी जायचं ते जे१०० च्या पातळीवर मुख्य ड्रॉमध्ये दोन-तीन फेऱ्या जिंकू लागल्यावर. केवळ गुण सोपे मिळतात म्हणून दूरच्या देशातल्या कमी गर्दीच्या जे३० ला विमानाने जाणं, हा मला तरी वाया खर्च वाटतो. रँकिंग वाढतं, खेळ तिथेच राहतो.

ज्युनिअर यशाचा अर्थही नीट समजून घ्या. युकी भांबरीने २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचं मुलांचं एकेरीचं विजेतेपद जिंकलं आणि तो ज्युनिअर गटात जगात पहिला होता. एकेरीत त्याचं सर्वोत्तम रँकिंग, ८३, त्यानंतर नऊ वर्षांनी, २०१८ मध्ये आलं. मधली वर्षं दुखापतींशी झगडण्यात गेली. उलट प्रार्थना ठोंबरे सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. मोठ्या शहराचं वलय नसताना ती २०१४ च्या एशियाडमध्ये सानिया मिर्झासोबत दुहेरीचं कांस्यपदक जिंकली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये खेळली.

शाळेचं काय?

दहावीपर्यंत नेहमीची शाळा चालवता येते, शाळा समजूतदार असेल तर. पुढे हजेरी आणि परदेश दौरे जमत नाहीत. तेव्हा राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देणं किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय हे दोन नेहमीचे मार्ग. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना क्रीडा गुणांची सवलत आहे. त्यासाठी प्रमाणपत्रं आणि अर्ज वेळेत शाळेमार्फत जावे लागतात, म्हणून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र फाइलमध्ये ठेवा. अमेरिकन कॉलेजचा विचार असेल (त्याबद्दल पुढच्या पायरीत) तर मात्र १७ नंबर किंवा मुक्त विद्यालय घेण्याआधी तिथले शैक्षणिक पात्रतेचे विषय तपासा. शाळा पूर्ण सोडणं हा मार्ग मी कुणालाच सांगत नाही.

पायरी ५: अठराव्या वर्षीचा फाटा

इथे दोन रस्ते फुटतात. थेट व्यावसायिक दौरा किंवा अमेरिकेतलं कॉलेज टेनिस.

आपल्याकडे अजूनही काहींना वाटतं की कॉलेजला गेला म्हणजे टेनिस सोडलं. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ असा सलग दोनदा एनसीएएचा, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा, एकेरी विजेता झाला. त्यानंतर २०१० च्या एशियाडमध्ये त्याने एकेरीचं सुवर्ण जिंकलं आणि २०११ मध्ये तो जगात ६२ वा होता. श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एमला खेळली. पुढे २०२३ मध्ये हांगझोच्या एशियाडमध्ये रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण तिच्या गळ्यात पडलं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला आणि २०२४ मध्ये ऋत्विक बोलीपल्लीसोबत अल्माटीला एटीपी २५० चं दुहेरीचं विजेतेपद जिंकला.

अठराव्या वर्षी ज्याचं आयटीएफ ज्युनिअर रँकिंग जगात पहिल्या पन्नासात नाही आणि ज्याच्या घरी पुढच्या पाच वर्षांचा खर्च बाजूला काढलेला नाही, त्याच्यासाठी कॉलेज हाच शहाणपणाचा मार्ग, असं मला ठामपणे वाटतं. चार वर्षं रोज दर्जेदार सराव, जिम, फिजिओ, सामने, आणि हातात पदवी. तयारी अकरावीत सुरू करायची: सामन्यांचे व्हिडिओ, यूटीआर किंवा वर्ल्ड टेनिस नंबर (खेळाची पातळी दाखवणारे आकडे), गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा. कोचना ईमेल खेळाडूने स्वतः लिहायचा, एजंटाने नाही. बारावीनंतर फार काळ रिकामा गेला किंवा बक्षिसाची रक्कम नियमांपलीकडे घेतली तर कॉलेजमधली पात्रता धोक्यात येऊ शकते. हे नियम बदलत असतात, म्हणून कुठलंही बक्षीस स्वीकारण्याआधी त्या विद्यापीठाच्या नियमपालन विभागाकडून लेखी विचारून घ्या.

याशिवाय आणखी एक रस्ता लहान वयातच परदेशी अकादमीचा. पुण्याचा मानस धामणे इटलीत रिकार्डो पियाती यांच्या केंद्रात सरावाला गेला आणि २०२३ मध्ये पुण्यातल्या टाटा ओपन महाराष्ट्रमध्ये पंधराव्या वर्षी वाइल्ड कार्डवर एटीपी मुख्य ड्रॉ खेळला. असं उदाहरण विरळा असतं आणि त्यामागे आर्थिक पाठबळ उभं करावं लागतं. सगळ्यांनी तोच मार्ग धरायचा नाही. अंकिता रैना अहमदाबादहून पुण्यात येऊन हेमंत बेंद्रे यांच्याकडे घडली आणि इथूनच एकेरीत पहिल्या दोनशेत पोहोचली.

पायरी ६: एम१५ चा एक आठवडा

हा भाग सावकाश वाचा, कारण नवख्यांची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते.

प्रवेश ऑनलाइन, आयपिन खात्यातून. मुदत स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधीच्या गुरुवारी संपते. वेळ ग्रीनिचची दिलेली असते. १४:०० म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. मुदत संपल्यावर एक्सेप्टन्स लिस्ट लागते: मुख्य ड्रॉ, पात्रता फेरी आणि खाली ऑल्टरनेट. रँकिंग नसलेला मुलगा बहुधा ऑल्टरनेटमध्ये, कधी चाळिसावा, कधी साठावा. पुढे कोण माघार घेतं यावर त्याचं नाव वर सरकतं. माघार घेण्याचीही मुदत असते. ती चुकवून न जाणं म्हणजे दंड, आणि दंड भरल्याशिवाय पुढे प्रवेश नाही.

फॅक्टशीट, म्हणजे स्पर्धेचं माहितीपत्रक, डाउनलोड करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचा: कोर्ट कोणतं, बॉल कोणता, अधिकृत हॉटेल किती लांब, गटिंगची सोय आहे का. त्याच कंपनीचे बॉल आणून आधीचा आठवडा त्यावरच सराव करा.

पात्रता फेरीच्या आदल्या दिवशी ठरलेल्या वेळेत स्पर्धेच्या जागी साइन-इन करावं लागतं. विमान उशिरा पोहोचलं तर संधी गेली, म्हणून एक दिवस हातात ठेवून पोहोचा. पात्रता फेरीत तिसरा सेट पूर्ण नसतो, दहा गुणांचा मॅच टायब्रेक असतो. घरी सरावात तो खेळलात का? बहुतेक जण खेळलेले नसतात. आठवड्यातून दोनदा, दमलेल्या पायांनी, दहा गुणांचे टायब्रेक खेळवा. अनेकांचं पहिलं वर्ष या दहा गुणांवर ठरतं.

मुख्य ड्रॉ ३२ जणांचा, त्यात आठ जण पात्रता फेरीतून येतात. मुख्य ड्रॉमध्ये पहिल्या फेरीत हरलात तर १५६ डॉलर आणि शून्य गुण. एक सामना जिंकलात की २५८ डॉलर आणि आयुष्यातला पहिला एटीपी गुण. उपांत्यपूर्व फेरीत हरलात तर २ गुण, उपांत्यमध्ये ४, अंतिममध्ये ८, जिंकलात तर १५ गुण आणि २,१६० डॉलर. पात्रता फेरीत हरणाऱ्याला काहीच नाही. मुलींच्या डब्ल्यू१५ मध्ये विजेतीला १५, उपविजेतीला १० गुण. डब्ल्यूटीए रँकिंगमध्ये नाव येण्यासाठी तीन स्पर्धांत गुण किंवा एकूण निदान १० गुण लागतात, त्यामुळे मुलींचं नाव यादीत उशिरा झळकलं तर घाबरू नका. १४ ते १७ वयाच्या मुलींना वर्षात किती व्यावसायिक स्पर्धा खेळता येतील यावर बंधन आहे, तेही आधी पाहा.

दौरा आखताना एकाच गावी तीन-चार आठवडे सलग स्पर्धा असतील अशा जागा निवडा. ट्युनिशियातलं मोनास्टिर, तुर्कस्तानातलं अंतालिया, इजिप्तमधलं शर्म एल शेख, इथे वर्षभर आठवड्यामागून आठवडे अशा स्पर्धा होतात. विमानाचं एक तिकीट, तीन-चार संधी. पहिल्या आठवड्यात लवकर हरलात तरी तिथेच इतर खेळाडूंबरोबर हिटिंग मिळतं, आणि तेही शिक्षणच असतं. भारतातही या पातळीच्या स्पर्धा ओळीने लागतात. तेव्हा घरचं जेवण, ओळखीचं ऊन आणि व्हिसा नाही, या तिन्हीचा फायदा घ्या. युरोपचा बेत असेल तर शेंगेन व्हिसाचा नियम लक्षात ठेवा: १८० दिवसांत ९० दिवस. व्हिसाची अपॉइंटमेंट मिळायलाच कधी कधी महिना जातो. भारतीय पासपोर्टवर खेळणाऱ्याने वर्षाचं कॅलेंडर व्हिसा समोर ठेवून आखावं लागतं, याला इलाज नाही.

पैशांचं बोलू

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुमित नागल एकेरीत भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. त्या वेळी त्याने जाहीरपणे सांगितलं की त्याच्या खात्यात ९०० युरो आहेत. पुढच्या वर्षी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये अलेक्झांडर बुब्लिकला हरवलं, चेन्नईचं चॅलेंजर जिंकलं आणि जुलै २०२४ मध्ये तो जगात ६८ वा होता. देशातल्या अव्वल खेळाडूची ही अवस्था, तर पाचशेच्या पुढच्या रँकिंगवरच्या मुलांचं काय होत असेल ते तुम्हीच ताडा.

म्हणून अठराव्या वर्षाच्या आधी एका कागदावर मांडा: कोच, फिटनेस, फिजिओ, विमान, हॉटेल, जेवण, गटिंग, व्हिसा, विमा. निदान तीन वर्षांचं मांडा आणि बक्षिसाची रक्कम शून्य धरा. तेवढी सोय नसेल तर दौरा छोटा करा, कर्ज काढू नका. घर गहाण ठेवून खेळवलेल्या मुलाचा हात ४-५, ३०-४० ला, सेट जायच्या बेतात असताना, थरथरतो, हे मी सांगायला नको.

खर्च कमी करायचे खरे मार्ग आहेत. दोन-तीन खेळाडूंनी मिळून एक कोच दौऱ्यावर न्यायचा. दुहेरीच्या जोडीदाराबरोबर खोली वाटून घ्यायची. बऱ्यापैकी रँकिंग झाल्यावर जर्मनी आणि फ्रान्समधल्या क्लब लीगमध्ये खेळायचं. तिथे सामन्याचे पैसे मिळतात आणि राहायची सोय क्लब करतो, अनेक खेळाडू उन्हाळ्यातला खर्च त्यावर भागवतात. रॅकेट कंपन्या ज्युनिअर वयातच रॅकेट आणि गट देतात, रोख रक्कम फार कमी जणांना. खेलो इंडिया, राज्य सरकारच्या योजना, कंपन्यांचा सीएसआर निधी, सगळीकडे अर्ज करा, पण त्यावर विसंबून तिकिटं काढू नका. परदेशातल्या बक्षिसावर तिथेच कर कापला जातो. त्याचे कागद जपून ठेवा आणि एका सीएला सुरुवातीपासून धरा.

दुहेरी टाळू नका

भारताचं गेल्या तीन दशकांतलं मोठं यश दुहेरीत आहे. रोहन बोपण्णाने २०२४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनचं पुरुष दुहेरीचं विजेतेपद जिंकलं आणि तो जगात पहिला झाला. दुहेरीचं रँकिंग वेगळं असतं. प्रत्येक स्पर्धेत दुहेरी खेळा; व्हॉली, रिटर्न आणि दुसरी सर्व्हिस तिथे घडते. पण एकेरी विसाव्या वर्षी सोडून फक्त दुहेरीकडे वळण्याची घाई नको. दुहेरीतले बरेच चांगले खेळाडू आधी एकेरीत कणखर झालेले आहेत.

शरीर, औषधं आणि सट्टा

वाढीच्या वयात कंबर आणि खांदा जपा. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, वर्षातून दोन-तीन आठवडे रॅकेटला हात नाही. दुखणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर कोचचा सल्ला बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

उत्तेजकांच्या बाबतीत शरीरात जे सापडलं त्याची जबाबदारी खेळाडूची. "डॉक्टरांनी दिलं" हे उत्तर चालत नाही. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात अडचणीत आणू शकतं. कुणीतरी ओळखीचे देतात ती ताकदीची चूर्णं, ज्यावर घटकांची यादीच नसते, ती घेऊच नका. आजारपणात बंदी असलेलं औषध लागणारच असेल तर आधी वैद्यकीय सवलतीचा अर्ज करायचा.

सट्ट्याचं सांगताना मला खरंच काळजी वाटते. एम१५ च्या रिकाम्या कोर्टवरच्या सामन्यांवरही जगभर पैसे लागतात. नवख्या खेळाडूला इन्स्टाग्रामवर निरोप येतात: आधी कौतुक, मग "एक सेट सोड, इतके देतो". सामना हरल्यावर शिव्याही येतात. टेनिसवर स्वतः पैसे लावायचे नाहीत, अगदी एक रुपयाही नाही. हा नियम कोच आणि घरच्यांनाही लागू आहे. कुणी विचारणा केली तर इंटरनॅशनल टेनिस इंटेग्रिटी एजन्सीला, म्हणजे आयटीआयएला, ताबडतोब कळवायचं. न कळवणं हाही गुन्हा धरला जातो. दुखापतीची बातमी ओळखीपाळखीत सांगत फिरू नका, ती आतली माहिती ठरते. व्यावसायिक स्पर्धांसाठीचा सक्तीचा ऑनलाइन कोर्स मुलासोबत बसून पालकांनीही बघावा.

कधी थांबायचं, आणि मग काय

दौरा सुरू करतानाच तपासणीची तारीख ठरवा. मी सुचवतो ती अशी: पूर्ण वेळ खेळायला लागल्यापासून दोन वर्षांत एम२५ किंवा डब्ल्यू३५ च्या मुख्य ड्रॉमध्ये नियमित जागा, चार वर्षांत चॅलेंजर किंवा डब्ल्यू७५ च्या पात्रता फेरीत जागा. दुखापतीचे महिने यातून वगळा. या टप्प्यांच्या फार मागे असाल तर कुटुंबाने एकत्र बसून बोलायचं आणि त्या बोलण्यात खेळाडूचा शब्द शेवटचा.

थांबलेल्या खेळाडूला काम आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी कुठल्या पातळीची कोणती कामगिरी धरतात ते आधीच पाहून ठेवा, कारण आयटीएफमधली सगळी कामगिरी त्यात सरळ बसत नाही. राष्ट्रीय स्पर्धेची पदकं आणि एशियाडसारख्या संघातली निवड तिथे जास्त कामी येते, म्हणून खेळत असताना नॅशनल्स चुकवू नका. काही सार्वजनिक कंपन्या खेळाडूंना नोकरी देतात. कोचिंगकडे वळायचं असेल तर आयटीएफ आणि एआयटीएचे लेव्हल १ पासूनचे कोर्स आहेत, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका आहे. अंपायरिंगमध्ये व्हाइट बॅजपासून ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशी वेगळी शिडी आहे. ज्याने मोनास्टिरच्या उन्हात पात्रता फेऱ्या खेळल्या आहेत असा कोच आपल्या जिल्ह्यांना हवाच आहे. सोलापूर, कोल्हापूर, नाशिक, अकोल्यात चांगल्या कोर्टांपेक्षा अशी माणसं कमी आहेत.